पुरावा : घरातली माहिती

सोमवार, ४ मार्च

ताई,

तू जिवंत आहेस. शनिवारी दुपारी सव्वाबारा वाजता ही माहिती पक्की झाली. पक्की केली एका निवृत्त पोस्टमननं.

तो माझ्याच वंशावळीच्या ग्रुपातला आहे आणि तुझ्याच शहरात राहतो. चष्म्याची काडी मुद्दाम सैल करून तो तुझ्या दुकानात आला होता. तू दोन मिनिटांत स्क्रू बसवून दिलास आणि म्हणालीस, "एवढ्यासाठी कुणी पैसे घेतं का?" त्यानं पाटीवरचं नाव वाचलं, तुझ्या डाव्या अंगठ्यावरचा व्रण पाहिला. काच घासायच्या चाकावर कापलं होतं, त्याचा. मग आपण कोण, कशासाठी आलो, ते त्यानं सांगून टाकलं. तू त्याला बसायला स्टूल दिलंस. उभ्या माणसाशी असलं काही बोलता येत नाही, म्हणालीस.

एकतीस वर्षं मी वर्तमानपत्राची प्रुफं तपासली. त्यातली अकरा निधनवार्तांच्या पानाची. तिथे नियम एकच होता : घरी फोन करून खात्री झाल्याशिवाय कुणालाही मारायचं नाही. त्या अकरा वर्षांत माझ्या हातून एकही चूक गेली नाही. झाली ती रिटायर झाल्यावर, घरी बसून.

सांगतो. आम्ही ग्रुपातले सगळे हौशी. एका साइटवर आपापला वंशवृक्ष मांडायचा, एकमेकांचे पाहायचे, कुणाची पणजी कुणाच्या आजोबांची बहीण निघाली की दिवसभर त्याच आनंदात राहायचं. तिथे जिवंत माणसाचं नाव दिसत नाही. करडा चौकोन दिसतो, आत लिहिलेलं असतं 'खाजगी'. माणूस गेला की चौकोन उघडतो. तुझा चौकोन भरताना प्रश्न आला, हयात की मृत. चोवीस वर्षं तुझी काही खबर नव्हती. मी 'मृत' भरलं. मग तारीख मागितली, ती टाकली. खाली पुराव्याचा रकाना होता, त्यात लिहिलं, 'घरातली माहिती'. ही गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. तांत्रिक म्हणता येईल अशी चूक आहे. ती मी दुरुस्त केली आहे.

पोस्टमनकाकांनी फोन ठेवता ठेवता आणखी एक सांगितलं. तू म्हणालीस म्हणे, "मला ऑक्टोबरातच कळलं. एका गिऱ्हाइकानं फोनवर दाखवलं. म्हणाला, बाई, तुमच्या नावाची कुणीतरी गेलीय." वृक्ष कुणी मांडला त्याचं नाव साइटवर वरच असतं. म्हणजे तू माझं नाव वाचलंस. हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. काल दोनदा गॅस चालू ठेवून फिरायला गेलो. ही म्हणाली, "आता आम्हालाही वृक्षात घालणार का?"

आई बरी आहे. औषधं वेळेवर घेते. तिचं विशेष काही नाही.

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. काका देत नाहीत. "जिवंत माणसाचा पत्ता तिला विचारल्याशिवाय द्यायचा नाही, ग्रुपचा नियम आहे. तो करताना तुम्हीच हात वर केला होतात." पत्र मात्र नेऊन देईन म्हणाले. चौतीस वर्षं लोकांची नेली, त्यात हे एक.

बारक्या


शुक्रवार, ८ मार्च

ताई,

तुझं उत्तर मिळालं. काकांनी फोटो पाठवला. माझं पत्र तू दुकानात उभ्या उभ्या वाचलंस, पाकीट उलटं केलंस, चष्म्याचे नंबर लिहायच्या पेन्सिलीनं एक शब्द लिहिलास आणि त्यांना परत दिलंस.

'पुरावा?'

एका शब्दाला किती दिवस लागतात बघ. मंगळवारी वाचला, आज उत्तर लिहितोय.

पुरावा नव्हता. तू गेलीस त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले होते, "ती आपल्याला मेली." 'घरातली माहिती' ती एवढीच. आपल्याला मेली आणि मेली यातला फरक मला कळत नव्हता असं नाही. मी प्रुफं तपासायचो. फरक कळणं हीच माझी नोकरी होती.

खरं कारण फार क्षुल्लक आहे. ज्या वृक्षात चार पिढ्यांत एकही रकाना अर्धवट नाही, त्याला साइटवर हिरवी खूण मिळते, 'पूर्ण'. तो पहिल्या पानावर लागतो. माझ्या वृक्षात अडलेली जागा एकच होती, तुझी. कुठे राहते, काय करते, सगळं रिकामं. लोक विचारायचे, बहिणीचं काय? तीन वेळा मी उत्तर टाळलं. चौथ्या वेळी तुला मारलं. खूण दुसऱ्या दिवशी आली. एक्केचाळीस जणांनी अभिनंदन केलं आणि त्याच एक्केचाळीस जणांनी तुझ्यासाठी रडक्या चेहऱ्यांची चित्रं पाठवली.

तारीख कुठून आणली, हेही विचारशील. नऊ वर्षांपूर्वी बाबा गेल्याची बातमी मी स्वतः आमच्या पानावर लावली होती, चौकटीत, वरच्या बाजूला. तू वाचशील आणि येशील असं वाटलं होतं. एक महिना वाट पाहिली. वृक्षात तुझी तारीख त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाची आहे. त्या दिवशी मी वाट पाहणं सोडलं. म्हणजे मी माझीच तारीख तुझ्या नावापुढे टाकली.

आणि तू का गेलीस, हे तरी मी कुठे कुणाला लिहिलंय. बाबांच्या चष्म्याच्या दुकानातल्या काचा पंधरा वर्षं तू घासल्यास. मला साधा प्लसचा नंबर मायनसपासून ओळखता येत नव्हता. बाबांनी नवी पाटी करून आणली, तिच्यावर त्यांच्या नावाखाली माझं नाव. मी म्हणू शकलो असतो, बाबा, मला वर्तमानपत्रात नोकरी आहे, दुकान ताईचं आहे. म्हणालो नाही. पाटी लावताना शिडी धरली. तू समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघत होतीस आणि हसत म्हणालीस, "डाव्या बाजूला जरा वर घे. वाकडी लागतेय." मला वाटलं, चला, निभावलं. संध्याकाळी तू तुझी हत्यारं पिशवीत भरलीस. दोन वर्षांत दुकान बंद पडलं. घासणारं कुणी नव्हतं.

पोस्टमनकाका म्हणतात, तिकडच्या पाटीवर तुझं एकटीचं नाव आहे. सरळ लागलीय का, ते मी त्यांना विचारलं. म्हणाले, अगदी सरळ.

आता आईचं. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

फेब्रुवारीत तिला त्र्याऐंशी पूर्ण झाली. वाढदिवसाला मी आमच्या जुन्या छापखान्यातून वृक्ष मोठा छापून घेतला, तीन फूट बाय दोन, जाड कागद, लाकडी चौकट. तिच्या खुर्चीसमोर टांगला. डोक्यात हिरवी खूण होती. तुझ्या नावाखाली काय छापलंय, हे माझ्या लक्षातच नव्हतं. लक्षात आलं तेव्हा ती उठून भिंतीजवळ गेली होती, एकेका नावावर बोट फिरवत. तुझ्यापाशी बोट थांबलं. बराच वेळ.

"ही तारीख कुणी दिली?"

"माहिती आली, आई."

"कुठून?"

"ग्रुपवर."

"झोपेत गेली का?"

मी हो म्हणालो. एकतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासत आलो आणि स्वतःचं एक अक्षराचं वाक्य तपासलं नाही.

त्या दिवसापासून ती अर्धी पोळी खाते आणि खिडकीत बसते. खुर्चीशेजारी एक पिशवी भरून ठेवलीय : स्वेटर, गोळ्या, टॉवेल. रोज सकाळी विचारते, "ती राहायची ते घर दाखवायला नेतोस ना?" रक्तदाब वाढलाय. डॉक्टर म्हणाले, मनाला काही लागलंय का बघा. मी म्हणालो, बघतो.

तू आहेस हे कळून आज सहा दिवस झाले. मी तिला अजून सांगितलेलं नाही. एकदम सांगितलं तर तिला काही होईल ही भीती आहे. आणि सांगितलं तर ती मला विचारेल, मग झोपेत कोण गेलं?

दुसरी भीती. माझ्या वृक्षात तू आता 'हयात' आहेस, पण तोवर सात जणांनी तो भाग उचलून आपापल्या वृक्षात लावला होता. आमच्यात असंच चालतं, कुणाचं काही सापडलं की घ्यायचं. त्या सात ठिकाणी तू मेलेलीच आहेस. सातही जणांना लिहिलंय. एकाचं उत्तर आलं : "जिवंत असल्याचा पुरावा?" तू गेल्याचा पुरावा कुणी मागितला नव्हता. म्हणजे एकीनं मागितला. ग्रुप चालवणाऱ्या मास्तरीणबाई 'पूर्ण' वृक्ष तपासतात. त्यांनी फेब्रुवारीच्या शेवटी लाल शेरा मारला, "घरातली माहिती म्हणजे कुणाची? मृत्यूला हे चालणार नाही." तो वाचून पोस्टमनकाकांना आपल्या शहरातली त्याच नावाची पाटी आठवली, आणि ते तुझ्या दुकानापर्यंत आले.

तू सांग, आईला कसं सांगू? दोन ओळी लिही. एक लिहिलीस तरी चालेल.

बारक्या


बुधवार, १३ मार्च

ताई,

तुझी ओळ आली नाही. काका म्हणाले, तू पत्र वाचून गल्ल्याखालच्या खणात ठेवलंस आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारलीस. मग थांबून तीन शब्द बोललीस, "तिला खरं सांगा."

सोमवारी सांगितलं. चहा झाल्यावर तिच्यासमोर स्टूल घेऊन बसलो. हिला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं, पाणी आणि गोळी हातात देऊन.

"आई, एक चूक झालीय. ताई जिवंत आहे. तारीख मी टाकली होती. खोटी."

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग म्हणाली, "तारीख खोटी आहे ते मला त्याच दिवशी कळलं."

मी स्टूल पुढे ओढलं.

"मेलेली माणसं त्यानंतर आठ-आठ कार्डं टाकत नाहीत," ती म्हणाली, आणि हिच्याकडे वळून, "ती पाण्याची वाटी ठेव गं खाली. हात दुखेल. आणि तो माझा बिस्किटांचा डबा काढ, वरचा, गंजलेला."

तुला माहीतच आहे डब्यात काय होतं. मला नव्हतं. तेवीस पोस्टकार्डं, दर नोव्हेंबरातलं एक, खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर आलेली. प्रत्येकावर तोच मजकूर : 'मी बरी आहे. चष्म्याचा नंबर तपासून घे.' तेवीस वर्षं शिंपीणबाई जिना चढून ब्लाउज द्यायला यायच्या आणि मी त्यांना म्हणायचो, आमच्या आईला किती ब्लाउज लागतात हो!

"बाबा होते तोवर ठीक आहे," मी म्हणालो. "पण ते गेल्यावर तरी मला सांगायचं."

"तू विचारलंस कधी? चोवीस वर्षांत एकदा तरी म्हणालास, आई, ताई कुठे असेल गं? त्या फोनवरच्या परक्या लोकांना खापरपणजोबांच्या चुलत्याचं विचारत बसतोस. घरात मी बसलेय, मला विचारायचं सुचलं नाही."

हिनं दारातूनच मान हलवली. माझ्या बाजूनं नव्हे.

मग मी म्हणालो, तारीख खोटी आहे हे कळलं होतं तर पिशवी का भरलीस? जेवण का सोडलंस? तेव्हा कुठे तिचा आवाज हलला.

"कारण यंदाचं आलं नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. शिंपीण रोज खाली पेटी बघायची. आणि मग तू ते झाड आणून टांगलंस. मला वाटलं, याला काहीतरी कळलंय. फक्त साल चुकलंय. तुझं लहानपणापासून असंच आहे, बारक्या. गोष्ट खरी असते आणि आकडा खोटा. म्हणून विचारलं, झोपेत का? तू हो म्हणालास."

बावीस दिवस ती त्या एका 'हो'वर जगत होती, ताई.

मग मला ऑक्टोबर आठवला. तुझं ते गिऱ्हाईक, त्याचा फोन, वृक्षावरचं माझं नाव. यंदा कार्ड का आलं नाही, ते मला स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. तुला वाटलं असेल की घरानं ठरवून लिहिलंय, आईला विचारून. आईला कुणी विचारलं नव्हतं. ती तेव्हा रोज कार्डाची वाट बघत होती. एवढं एक वाक्य तरी खरं मान, त्याला पुरावा आहे, खाली शिवणयंत्रावर बसलेला.

हेही मी तिला सांगितलं. "म्हणजे तुझ्यामुळे थांबलं," ती म्हणाली. मी म्हणालो, हो. या वेळचा 'हो' तपासून दिला होता. ती भिंतीवरच्या चौकटीकडे बघत म्हणाली, "हे आधी उतरव." उतरवली. तिथे आता चौकोनी फिकट डाग आहे, तो त्याहून वाईट दिसतो.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. दर वर्षी कार्ड आलं की आठवड्याभरात ती नंबर तपासून यायची. मला वाटायचं, हौस आहे. यंदा गेली नाही. मी म्हणालो, कार्डावाचूनही जाता येतं की. तर म्हणाली, "कुणी सांगितलं नाही." डाव्या डोळ्यानं तिला आता पायरीची कड दिसत नाही. परवा बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळली. पडली नाही, पण हिनं किंचाळून सगळी इमारत गोळा केली.

पिशवी अजून खुर्चीशेजारी आहे. काल तिनं त्यात बिस्किटांचा डबा ठेवला.

बारक्या


गुरुवार, २१ मार्च

ताई,

हे पत्र कुरियरनं पाठवतोय. म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत काकांच्या हातात पडेल. कुरियर म्हटल्यावर ते दुखावले. "साधं तिकीट लावून टाकलं असतं तरी पोचलं असतं," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "नाही, तुम्ही कुरियरच करा."

सातांपैकी सहा वृक्षांत तू जिवंत झालीस. पुरावा मागणाऱ्यानं मास्तरीणबाईंचं ऐकलं. आणखी एक जण महिनाभर थांबा म्हणत होता, "ती माझ्याकडे तारखेसकट इतकी नीट बसलीय, आता हलवली की सगळी फांदी विस्कटेल." त्यालाही बाईंनी सरळ केलं. सातवा वृक्ष मात्र तसाच राहणार. त्याचा मालक जानेवारीत वारला, आणि पासवर्ड कुणाकडे नाही. तिथे तू कायमची गेलेली आहेस. मी दर दोन दिवसांनी तिथे जाऊन बघतो, जसा काही आपोआप बदलेल. हिरवी खूण मी परत केली. वृक्षात आता तुझा करडा चौकोन आहे, 'खाजगी'. असू दे.

तुला न विचारता तुझ्याकडे यायचं नाही, असं मी आईला सांगून पाहिलं. ग्रुपचा नियम आहे म्हणालो. "मी काय ग्रुपात आहे का?" म्हणाली. मग माझ्या हातून फोन घेतला आणि पोस्टमनकाकांशी स्वतः बोलली. दाराआड गेली, ऐकू दिलं नाही. नंतर कळलं, पत्ता तिलाही मिळाला नाही. काकांनी तुला विचारलं, तुझी आई यायचं म्हणतेय, काय सांगू? तू हातातली काच उजेडात धरून बघत होतीस. काच खाली न ठेवता म्हणालीस, "दुकान सगळ्यांसाठी उघडं असतं."

त्याचा अर्थ काय, यावर आमच्या घरात तीन दिवस चर्चा चाललीय. ही म्हणते, या असा. मी म्हणतो, बाकी घर बंद आहे असा. आई म्हणते, "अर्थबिर्थ तुम्ही काढा. दुकान उघडं आहे ना? मला नंबर तपासायचाय."

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, प्रवासानं बिघडेल की न गेल्यानं बिघडेल ते मला सांगता येणार नाही, गोळी दुप्पट नको, पाणी भरपूर द्या. रात्री मला झोप नाही. गाडीत तिला काही झालं तर, तू दुकान बंद करून गेलेली असलीस तर, असलीस आणि आम्हाला बघून आत गेलीस तर. या सगळ्याची प्रुफं मी मनात तपासतोय, आणि प्रत्येक वेळी नवी चूक सापडते.

आता जे ठरलंय ते लिहितो. शनिवारी सकाळी सात चाळीसची बस. ती अकरा वीसला तुझ्या शहरात पोचते. काका स्टँडवर असतील, जुनी खाकी टोपी घालून, म्हणजे आईला ओळखू येईल. ते आम्हाला तुझ्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत आणतील. शनिवारी तू एकला दुकान बंद करतेस, हे त्यांनीच सांगितलं. म्हणजे स्टँडवरून पोचेपर्यंतचा वेळ सोडला तर आमच्या हातात पाऊण-एक तास असेल.

मी समोरच्या फुटपाथवर थांबेन. आत येणार नाही. तू बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर तिथूनच पाटी वाचेन आणि एक वाजता आईला घेऊन परत निघेन. आत ती एकटी येईल. उजव्या हातात पिशवी, पिशवीत डबा. मागच्या वर्षीचा नंबर लिहिलेला कागद डब्यातच आहे, कार्डांच्या खाली.

फक्त एक गोष्ट. डाव्या डोळ्यानं तिला कड दिसत नाही. तुझ्या दुकानाला पायरी आहे का, आणि असली तर किती उंच, हे मी आज सकाळी काकांना विचारलंय. ते म्हणाले, आठवत नाही, उद्या पत्र द्यायला जाईन तेव्हा बघून सांगतो.

फोन जवळ घेऊन बसलोय.

बारक्या